कासारेसाहेब आणि खवट रक्त

कासारेसाहेबांना लॅबमध्ये खुर्ची होती, पण तिच्यावर ते बसत नसत. तिच्यावर जुनी जर्नलं, एक रिकामा पत्र्याचा डबा आणि कुणाचा तरी विसरलेला रुमाल असायचा. ते स्वतः उभे असत किंवा चालत. चालता चालता वाचत, चालता चालता डबा खात, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की "पुढे?" म्हणत. एकोणऐंशी साली मी बी.एस्सी. होऊन तुर्भ्याच्या त्या तेलाच्या कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तोही माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे जाता जाता.

"दळवी, तेल खवट होतं म्हणजे काय होतं?"

मी पुस्तकातलं सांगायला लागले. हवेतला प्राणवायू, तेलातले दुहेरी बंध, पेरॉक्साइड. "पुढे?" मी आणखी सांगितलं. "पुढे?" माझं उत्तर संपलं तेव्हा ते खोलीतच नव्हते. पाचेक मिनिटांनी दोन बशा घेऊन परत आले. दोन्हींत तेल.

"हुंगा. कुठलं खवट?"

मी आलटून पालटून हुंगलं. मला काही फरक कळेना. घाम फुटला होता, पण म्हटलं, "मला दोन्ही सारखीच वाटतात."

"सारखीच आहेत. एकाच डब्यातली." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "सकाळपासून तिघांनी मला त्यातली एक बशी खवट म्हणून दाखवली. सोमवारपासून या."

अशी मी त्यांच्या हाताखाली लागले. ठाण्याहून कंपनीची बस यायची, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. लॅबच्या खिडकीतून आमच्याच कंपनीच्या टाक्या दिसत, त्यांच्या पलीकडे रस्ता, मग मिठागरं, आणि पार टोकाला वाशीच्या नव्या इमारती, एकमेकींशी ओळख नसल्यासारख्या लांब लांब उभ्या. जिकडे तिकडे खणलेलं. आज पायवाट असेल तिथे उद्या चर. कासारेसाहेबांना हे सगळं फार आवडायचं. "झालं का? किती वर आली?" असं ते रोज एखाद्या इमारतीबद्दल विचारत, जणू ती त्यांच्याच घरची.

ते मूळचे महाडकडचे. वडील बाबासाहेबांच्या मागून बौद्ध झालेले. गावात त्या वडिलांना पोराटोरांनीसुद्धा शेवटपर्यंत अरे-तुरे केलं, म्हणून कासारेसाहेब सगळ्यांना अहो-जाहो करत. गेटवरच्या वॉचमनला, मला, आमच्या काचेच्या नळ्या धुणाऱ्या हिराबायना, सगळ्यांना. हे कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही ब्युरेट भरता भरता, आणि लगेच पुढच्या कामाला लागले.

त्यांच्या आईचा पाय काळा पडला होता. बोटापासून सुरू झालं आणि गुडघ्यापर्यंत चढलं. कुणी बाहेरची बाधा म्हटलं, कुणी विंचू. ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, स्वतःला पस्तिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा त्यांना कळलं की आईलाही साखरच होती. मला वाटतं, तेव्हापासूनच ते बसेनासे झाले असावेत. शालिनीवहिनी, त्यांच्या पत्नी, वाशीला शाळेत शिकवायच्या. त्या म्हणत, "लग्नात अगदी शांत होते हो. फोटो आहेत माझ्याकडे."

त्या काळी घरी साखर बघायची म्हणजे लघवीचे थेंब निळ्या द्रावणात टाकून उकळायचे. निळं राहिलं तर ठीक, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. साहेब ही परीक्षा लॅबच्याच बर्नरवर करत, अगदी सगळ्यांदेखत. आणि रंग बघून म्हणत, "साखर कळली. पण ती आत नेमकं काय नासवते ते यात कुठे कळतं?"

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात भुणभुणत असायचा. आमचं काम तेल आणि वनस्पती तुपाचं. माल खवट होऊ नये म्हणून त्यात चिमूटभर प्रतिबंधक घालायचं आणि तो टिकतोय का ते तपासायचं. एक पांढरी पूड होती, तिचं लांबलचक नाव आम्ही तोडून टीबीए केलं होतं. खवटलेल्या तेलात ती घालून उकळत्या पाण्यात नळी ठेवली की गुलाबी रंग चढायचा. खवटपणा जास्त, तितका गुलाबी गडद. एक दिवस साहेब मुंबईच्या कुठल्याशा ग्रंथालयातून परत आले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

"दळवी, आपल्या रक्तात काय काय असतं? तेल आहे की नाही? चरबी म्हणा. हवा आहे. ऊब आहे. लोखंड आहे. तेलाच्या टाकीत लोखंडाचा गंज पडला तर आपण किती बोंबलतो? आणि हे सगळं आपण चोवीस तास अंगात घेऊन हिंडतो. मग आपण खवट का होत नाही?"

"प्रतिबंधक असेल," मी म्हटलं.

"असणारच! आतून पहारा असणार. आणि साखर वाढली की?" या वेळी माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. "पहारेकरी दमत असणार. माझ्या आईचा पाय खवटला होता, दळवी."

त्यांनी तिथल्या तिथे सुईने बोट टोचलं, रक्ताचा थेंब बशीत पाडला आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फसफसून पांढरा फेस आला, बशीतून टेबलावर उतरला. हिराबाय नळी हातात धरून बघत राहिल्या.

"हे बघा, पहारेकरी," साहेब म्हणाले. "किती धावून आले!"

"तुमी सोताला टोचून नका घेऊ सायेब," हिराबाय म्हणाल्या. "मना सांगा, माझ्याकडं लय रगत हाय."

हिराबाय सानपाडा गावातल्या. चाळिशीच्या आसपास, सडसडीत, कपाळाला भलंमोठं कुंकू. घरची जमीन नव्या शहरासाठी गेली, मिठागरावरचं काम गेलं, म्हणून त्या आमच्याकडे लागल्या. त्यांनाही साखर होती, आणि ती गोळ्यांनी आटोक्यात येत नव्हती. त्यांना रोज इन्शुलिनची सुई लागायची. सून काचेची सिरिंज पाण्यात उकळून द्यायची, बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवलेली असायची. त्या सुईचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

पुढचं दीड वर्ष लॅबमध्ये दोन कामं चालत. एक कंपनीचं, एक साहेबांचं. दवाखान्यातला कंपाउंडर कामगारांचं रक्त काढून द्यायचा, आम्ही ते साकळू द्यायचो, वरचं पिवळं पाणी घेऊन टीबीए घालून उकळायचो आणि रंग मोजणाऱ्या कलरीमीटरवर काटा वाचायचो. ज्यांना साखर त्यांचा गुलाबी बहुतेक गडद. बहुतेक, सगळ्यांचा नाही. साहेब आकडे वहीत उतरवत आणि वही घेऊन फिरत. मॅनेजरांच्या केबिनमध्ये मालाच्या तक्रारीवर मीटिंग चाललेली असताना ते म्हणाले होते, "ते होईल. आधी हे बघा," आणि मॅनेजरसाहेबांचं बोट मागितलं होतं.

मग ते वही घेऊन मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात गेले. कुणाची ओळख नाही, वेळ ठरवलेली नाही. दुसऱ्या दिवशी सगळी लॅब त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणाले?"

"एक तरुण डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी माझे धिंडवडे काढले." चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा. "म्हणाल्या, रक्त उपाशीपोटी काढलंत का? नाही. तंबाखू खाणारे वेगळे काढलेत का? नाही. वयं जुळवलीत का? नाही. दळवी, एकही प्रश्न वायफळ नव्हता! पुन्हा सगळं पहिल्यापासून."

म्हणून कामगारांना सकाळी उपाशी बोलवायचं ठरलं. आता उपाशी माणसाचं रक्त घ्यायचं तर नंतर त्याला खायला नको? शालिनीवहिनी शाळेत जायच्या आधी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी करून द्यायच्या, साहेब तो डबा स्कूटरला अडकवून आणायचे. मॅनेजर शुद्ध शाकाहारी. तिसऱ्या दिवशी ते नाकाला रुमाल लावून लॅबच्या दारात उभे राहिले. "कासारे, इथं काय चाललंय?"

"वासाची परीक्षा," साहेब म्हणाले. खोटं नव्हतं. आमची लॅब होतीच वासाची.

या सगळ्यात ते फार सुखात होते, असं मला वाटत नाही. आकडे जुळले की त्यांची झोप उडायची, नाही जुळले तरी उडायची. स्वतःचा गुलाबी महिन्यागणिक गडद होत होता. कुठल्याशा जर्नलात वाचून ते ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घ्यायला लागले. स्वतःची सुई त्यांनी कधी चुकवली नाही, ती चालूच होती. कॅप्सूल वरून.

एका दुपारी ती कॅप्सूल खिडकीच्या उजेडात धरून ते मला समजावत होते. हिराबाय बेसिनपाशी नळ्या धूत होत्या.

"सुई काय करते? साखर उतरवते, बस. आतली नासाडी थांबवायची तर ती या पहारेकऱ्याने. उद्या बघा, सुईपेक्षा हीच मोठी ठरेल."

"मना देल का सायेब?" हिराबायनी विचारलं.

"घ्या की," साहेब म्हणाले आणि खिशातली अख्खी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. मग ते वळून चालायला लागले. त्यांच्या मनात तेवढंच होतं, पट्टी दिली, झालं.

पुढच्या सोमवारी मी टायट्रेशन करत होते. ब्युरेटमधून थेंब थेंब सुटत होता, निळा रंग कुठल्याही क्षणी उडणार होता. हिराबाय शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "ताय, मी सुई सोडली. सायबांची गोली घेते. मांडी सगली कडक झाली होती बघ, आता बरा वाटते."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. माझी नजर थेंबावर होती. रंग उडाला, एंडपॉइंट आला, मी आकडा लिहिला, आणि त्या काय म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून उतरलं. खरंच उतरलं का, की मी उतरू दिलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी साहेब लॅबमध्ये शिरले आणि दारातच थबकले.

"अ‍ॅसिटोन कुणी उघडं ठेवलंय?"

कुणीच नव्हतं ठेवलं. त्यांनी एकेक टेबल हुंगत फेरी मारली. "शेजारी बर्नर चालू आहेत! भडका उडेल. शोधा!" आम्ही चौघं शोधायला लागलो. कपाटं उघडली, बाटल्यांची झाकणं तपासली, कचऱ्याची बादली उपडी केली. मी टेबलाखाली वाकले. सगळ्या बाटल्या घट्ट. साहेब आणखी चिडले. "माझं नाक असं चुकत नाही. कुठे तरी आहे. गोडसर, सडक्या फळासारखा, नाही येत तुम्हाला?" आता मलाही यायला लागला होता.

हिराबाय बेसिनखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्या नळाला तोंड लावून पाणी पीत होत्या. धावत आल्यासारखा त्यांचा श्वास चालला होता, खोल, मोठा. मला वाटलं, ताप असेल. साहेब बेसिनखाली बाटली पडली आहे का बघायला वाकले आणि त्यांचं तोंड हिराबायच्या तोंडापाशी आलं. वास त्यांच्या श्वासाला होता.

ते तसेच राहिले. वाकलेले, एक हात फरशीवर. दोन वर्षांत मी त्यांना स्थिर असं पहिल्यांदाच बघत होते.

"हिराबाय, सुई कधी घेतलीत?"

"सोडली सायेब." डोळे अर्धे मिटलेले. "तुमची गोली घेते ना."

साहेबांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. मला वाटलं, आता हेच पडतात. पण ते उठले, फ्रीजमधली स्वतःची इन्शुलिनची बाटली खिशात टाकली आणि ओरडले, "जीप!" ड्रायव्हर चहाला गेला होता. गेटवरच्या वॉचमननेच जीप काढली. साहेबांनी हिराबायना मागच्या बाकावर आडवं केलं, मी पायांशी. वाशीपर्यंतचा तो रस्ता, सगळा उखणलेला, मध्येच डांबराचे ढीग. साहेब त्यांचा हात धरून सारखे ओरडत होते, "हिरा, डोळे उघड! हिरा, माझ्याकडे बघ! झोपायचं नाही!" सगळ्यांना अहो-जाहो करणारा माणूस. आपण काय बोलतोय हे त्यांना कळत नसावं.

इस्पितळात डॉक्टरांनी श्वासाचा वास घेतला आणि काही न विचारता सलाइन लावलं. "साखर पेशींच्या बाहेर आणि शरीर उपाशी, मग चरबी जाळत सुटतं," ते सांगत होते. "त्याचंच विष हे. सुई बंद कुणी करायला सांगितली?"

"मी," कासारेसाहेब म्हणाले.

मी भिंतीला टेकून उभी होते.

हिराबाय तीन दिवसांनी शुद्धीवर येऊन धड बोलायला लागल्या. त्या तीन दिवसांत साहेब कंपनीत आलेच नाहीत, इस्पितळाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. हिराबायचा मुलगा एकदा त्यांच्या अंगावर धावून गेला, तर हे म्हणाले, "मारा." मग त्यानेच हात खाली घेतला.

चौथ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळ्यांना थांबवलं. ज्यांनी ज्यांनी रक्त दिलं होतं ते सगळे होते. साहेब टेबलांच्या मधून फिरत बोलले.

"मी डॉक्टर नाही. मी तेलवाला आहे. तेलात जे दिसलं ते रक्तात असेल असं मला वाटलं, अजून वाटतं. पण वाटणं म्हणजे औषध नव्हे. माझ्या बोलण्यावरून एक बाई मरणाच्या दारात गेली. ज्यांना साखर आहे त्यांनी डॉक्टर सांगेल ते आधी करायचं. सुई म्हटली तर सुई. मी काय बडबडतो ते त्याच्यानंतर, आणि नाही ऐकलंत तरी चालेल." मग जरा घुटमळून म्हणाले, "ज्यांना आपलं रक्त परत हवं असेल..." कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले. साहेब हसले नाहीत.

मला वाटलं होतं, वही आता बंद होणार. झाली नाही. त्यांनी ती मला दिली आणि म्हणाले, "तुमच्या अक्षरात सगळं पुन्हा लिहा. जुळलेलं आणि न जुळलेलं, दोन्ही. त्या डॉक्टरबाई खऱ्या रोग्यांवर करतील, देखरेखीखाली. आपण करायचं नाही." वही मुंबईला गेली.

आणि ते रोज सकाळी सानपाड्याला जायला लागले. स्कूटर घराबाहेर लावायची, "हिराबाय, सुई?" म्हणून विचारायचं, बाटली आणि सिरिंज डोळ्यांनी बघायची, मग कंपनीत. पावसात, सुट्टीच्या दिवशी, गणपतीत. गावात बोलणं व्हायला लागलं. हिराबाय मला म्हणाल्या, "ताय, सायबाला सांग. सासू मेली तवा म्हटला सुटले. आता ह्यो नवीन सासू आला."

मी सांगितलं. साहेबांनी जाणं सोडलं नाही, फक्त हाक दारातून न देता कोपऱ्यावरून द्यायला लागले, त्यामुळे आता अख्ख्या आळीला ऐकू जायचं. शेवटी हिराबायनी त्यांच्याकडून निळ्या द्रावणाची परीक्षा शिकून घेतली, स्वतःच्या चुलीवर करायची. विटकरी रंगाला त्या 'कौल' म्हणत. "आज हिरवा हाय सायेब, कौल नाय, जावा आता," असं आतूनच ओरडून सांगत.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकदा साहेब खिडकीशी उभे राहून म्हणाले, "आज कावळे फार आहेत हो."

एकही कावळा नव्हता. ते काळे ठिपके त्यांच्या डोळ्यात होते. आत रक्त उतरलं होतं. मुंबईत लेझरचे उपचार झाले, पण एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्यात धुरकट उजेड तेवढा राहिला. सुई कधी न चुकवलेला माणूस, पण मधुमेह कळण्याआधीची कित्येक वर्षं हिशेबात धरायची राहून गेली होती. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा होतं असं. काही महिने ते लॅबमध्ये येत राहिले. कलरीमीटरपाशी उभे राहून विचारत, "काटा कुठे?" मी सांगायचे. "नीट बघितलात?" मी पुन्हा बघायचे. एकदा त्यांनी चालता चालता एक अख्खी रॅक खाली पाडली, साठ-सत्तर नळ्यांचा चुरा झाला. हिराबाय झाडू घेऊन आल्या आणि काचा भरायला लागल्या. त्या आठवड्यात साहेबांनी राजीनामा दिला.

घरी तर त्यांचं अवघडच झालं. शालिनीवहिनी सांगायच्या, दिवसभर खुर्च्या-टेबलं इकडची तिकडे करतात, मग त्यांनाच अडखळतात.

शहाऐंशी साली लॅबच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं एक जाड पाकीट आलं. मेडिकल कॉलेजमधून, त्याच डॉक्टरबाईंचं. मी वहिनींना निरोप धाडला, वाटलं ती दोघं येतील. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब एकटेच गेटवर हजर. बस विचारत विचारत आले होते. पांढरा शर्ट, एक बटण चुकलेलं.

"वाचा."

पत्र इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगत गेले. डॉक्टरबाईंनी रोग्यांचं रक्त रीतसर तपासलं होतं. मधुमेह्यांमध्ये खवटपणाची खूण जास्त निघाली, ज्यांचे डोळे किंवा मूत्रपिंडं बिघडली त्यांच्यात आणखी जास्त. शरीराच्या आतल्या पहाऱ्यातल्या काही गोष्टी कमी पडलेल्या दिसल्या. मात्र या खवटपणामुळे बिघाड होतो की बिघाडामुळे हा खवटपणा वाढतो, हे सांगता येत नाही. गोळ्या देऊन तो थांबेल का, हेही नाही. काम चालू ठेवणार आहोत. तुमची वही आमच्या टेबलावर असते.

"ते मधलं पुन्हा," साहेब म्हणाले. मी ते यामुळे-त्यामुळेचं वाक्य पुन्हा वाचलं. ते टेबलाच्या कडेला हात लावून चालत होते, टोकाला गेले, वळले. "म्हणजे कुणालाच माहीत नाही अजून," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात निराशा नव्हती.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पाच वर्षं ते वाक्य तोंडात धरून होते.

"सर, हिराबायनी सुई सोडली, ते मला चार दिवस आधी माहीत होतं."

ते थांबले.

"माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं त्यांनी. मी टायट्रेशन करत होते. मी नुसतं हं म्हटलं."

बाहेर टँकर मागे घेत होते, त्याची घंटी वाजत होती.

"एंडपॉइंट चुकला?" त्यांनी विचारलं.

"नाही. बरोबर आला होता."

"इतकी वर्षं मला वाटत होतं, दळवी," ते म्हणाले, "की मी एकटाच." त्यात राग होता की सुटका, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर विचारायला ते उरले नाहीत. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडांनी त्यांना नेलं. हिराबाय त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं जगल्या, नातवंडांची लग्नं पाहिली.

त्या दुपारी मी त्यांना रस्त्यावरच्या बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले. ऊन मी म्हणत होतं. हात धरू द्यायला ते तयार नव्हते. त्यांच्या घराकडची वाशीची बस आणि ठाण्याची बस त्याच स्टॉपवर थांबायच्या. मी म्हटलं, "सर, इथेच उभे राहा, मी टपरीवर विचारते वाशीची केव्हा आहे." वीस पावलं गेले असेन. पानवाला सांगत होता की अजून अर्धा तास आहे, तोच मागे ब्रेक लागल्याचा आवाज आला. वळून बघते तो साहेब दांडा धरून चढलेले. बसवरची पाटी ठाण्याची.

"सर! ती ठाण्याची! उतरा!"

मी साडी सावरत धावले. बस सुटली होती. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला असावा, कारण ते दारातून आत जाऊन खिडकीशी वाकले आणि त्यांनी हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. हसत होते. मी निरोप देतेय असंच त्यांना वाटलं असणार. मी रस्त्याच्या ज्या बाजूने धावत होते, त्याच्या विरुद्ध बाजूला होती ती खिडकी. डोंगराकडे बघून ते हात हलवत होते, आणि बस धुळीत लहान होईपर्यंत हलवत राहिले.